हत्तीचं तूप

राजाच्या लाडक्या हत्तीचं पोट आठ दिवस साफ होत नव्हतं. जनावरांचं औषधपाणी करणाऱ्या सगुणा गवळणीने रोज घडाभर तूप पाजायला सांगितलं, तरी गुण येईना.

"हिचं औषधच खोटं! हाकला हिला राज्याबाहेर!" गजशाळेचा अधिकारी चंडसेन मिशा पिळत भरदरबारात गरजला.

त्याच्या मिशा तुपाने चकाकत होत्या! सगुणाने काय ते ओळखलं.

"महाराज, आणखी एकच दिवस द्या," ती म्हणाली आणि त्या दिवशीच्या तुपात तिने गुपचूप जमालगोटा कालवला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरतो न भरतो, तोच चंडसेन पोट धरून धूम पळत सुटला. हत्ती मात्र जागच्या जागी!

सगुणा हात जोडून म्हणाली, "औषध लागू पडलं, महाराज! आता तेवढं हत्तीलाही मिळू द्या."