सोन्यावरचे पांघरूण

एका राज्यात उन्हाळा यायचाच थांबला होता. चैत्र येई, वैशाख येई, सूर्य उगवे आणि मावळे. पण ऊन अंगाला लागत नसे. चुलीत जाळ दिसे, त्यावर भाकरीही भाजे, परंतु हात शेकायला पुढे करावा तर जाळ पाण्यासारखा गार. विहिरींवर बर्फाची साय धरे. तान्ही मुले पाळण्यात निजत ती पुन्हा उठत नसत. त्या राज्यात पाळणे करणाऱ्या सुतारांनी केव्हाच रंधे ठेवून दिले होते.

याला कारण घडले ते असे. त्या राज्याचा राजा भद्रकेतू याने काजळडोहाच्या तळाशी सोन्याचा पेटारा आहे असे ऐकले. डोह होता नीलजंघ नावाच्या जादूगाराचा. राजाने विचारले नाही, मागितले नाही; गडी पाठवले आणि पेटारा काढवला. गड्यांनी तो राजवाड्याच्या तळघरात आणून ठेवला आणि ठेवल्या जागी सगळे दगड झाले. कुणी वाकलेला, कुणी घाम पुसणारा, कुणी खांद्यावरचा दोर सोडवणारा. सर्वांच्या पुढे खेमा नावाचा गडी होता. पेटाऱ्याला पहिला हात त्याने लावला होता आणि तो हात झाकणावरच राहिला होता. बाकीच्यांचे डोळे दगडाचे झाले. खेमाचे डोळे मात्र जिवंत होते. ते हलत, पाहत, आणि कधी भरून येत. गालापर्यंत येता येता पाणी गोठून जाई.

खेमाच्या बायकोचे नाव गोजरा. नवरा दगड झाला तेव्हा थोरली आवडी चालत होती, भिका रांगत होता आणि धाकटी चिमी पोटात होती. गोजरेला एकच काम येई, गोधड्या शिवायचे. तेच ती घरात बसून करी. लोक जुनी लुगडी, विरलेली धोतरे आणून देत, बदल्यात दाणे देत. ती जमिनीवर थर अंथरी, चारी कडांना दगड ठेवी आणि एका कडेने धावदोरा घालत आत आत जाई. शिवून झालेल्या भागाखाली भिका शिरून बसे. आवडी सुईत दोरा ओवी. मांडीवर चिमी दूध पीत असे आणि गोजरा तिच्या डोक्यावरून हात लांबवून टाका घाली. टाके वाकडे जात. पण राज्यात शाल गार होती, लोकर गार होती, आणि गोजरेची गोधडी तेवढी ऊब देत होती. असे का होते ते तिलाही ठाऊक नव्हते.

पण तीही ऊब कमी होत चालली. आधी गोधडीत माणूस पहाटेपर्यंत निभावत असे. मग तेही होईना. चिमीचे ओठ जांभळे पडू लागले.

एका सकाळी अंगणाच्या भिंतीवर एक पाणकावळा येऊन बसला. त्याने दोन्ही पंख पसरले आणि तो बोलला.

"बाई, मी काजळडोहातला. डोह गोठला. माझी पिलं उपाशी मेली. तुझी मरायला नकोत म्हणून आलो."

गोजरेने सुई कापडात टोचून ठेवली. "बोल."

"ते सोनं डोहात निजलं होतं. राजाने उठवलं. जागं आहे तोवर ते मुलखाची ऊब पीत राहील. त्याला पुन्हा निजवायला हवं."

"सोन्याला कोण निजवणार?"

"लेकरांना कोण निजवतं? त्याच्यावर गोधडी घाल. पण साध्या कापडाची चालायची नाही. तीन थर लाव. एक राजाच्या घरचा, एक जादूगाराच्या घरचा, एक तुझ्या घरचा. तिन्ही लेकरांच्या अंगावरचे हवेत, आणि ज्याचं त्याने आपल्या हाताने दिलेले हवेत."

एवढे बोलून पाणकावळा उडाला. गोजरेने चिमीला पाठीशी बांधले, भिकाला कडेवर घेतले, आवडीचे बोट धरले. मुलांना ठेवायचे कुणापाशी? त्यांना घेऊनच ती निघाली.

राजवाड्यात दिवसाही मशाली जळत होत्या आणि कुणालाच त्यांची ऊब लागत नव्हती. राजाचा एकुलता एक पुत्र पहिल्याच थंडीत गेला होता. राणी त्याचे अंगडे उराशी धरून बसलेली असे. राजाने गोजरेचे बोलणे ऐकले आणि मान खाली घातली.

"ते माझ्या हातात नाही," राजा म्हणाला. "राणीसाहेब माझ्याशी बोलत नाहीत."

गोजरा राणीपुढे जाऊन उभी राहिली. राणीने तिच्याकडे पाहिले नाही.

"मागायला आली आहेस, ते कळलं मला. मिळणार नाही."

"बरं," गोजरा म्हणाली आणि खाली बसली. चिमी रडू लागली होती. गोजरेने तिला पाठीवरून सोडून मांडीवर घेतले आणि पदराआड धरले. राणीची नजर तिकडे गेली.

"हिचे ओठ असे कधीपासून आहेत?" राणीने विचारले.

"पंधरवडा झाला असेल, राणीसाहेब."

"त्याचेही असेच झाले होते." राणीने अंगड्याच्या बंदाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "कात्री लावशील?"

"नाही लावणार. बाह्यांसकट अख्खं शिवीन."

राणीने अंगडे दिले. देताना तिची बोटे सुटेनात, तेव्हा तिने स्वतःच दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवले. मग ती भिंतीकडे तोंड करून बसली.

तेथून गोजरा जादूगाराकडे निघाली. वाटेत उलट्या झाडांचे रान लागते. तिथली मुळे आभाळात असतात आणि पाने मातीत. रानापलीकडे मिठाची टेकडी आहे. त्या टेकडीच्या पोटात नीलजंघ राहत असे. तो इतका म्हातारा होता की त्याच्या दाढीत पाखरांच्या घरट्यांच्या काटक्या अडकून पडल्या होत्या. त्याच्या पुढ्यात एक जीर्ण दुपटे होते. तो बोट फिरवी तशी दुपट्यावरून निळी ठिणगी धावे, फाटलेली कड जुळे आणि पुन्हा उसवे. असे तो शंभर वर्षे करीत होता.

"कापड मागायला आलीस, मुली," तो म्हणाला. "देणार नाही. दुसरं काहीही माग."

आवडी पुढे झाली. "हे कुणाचं?"

"माझ्या लेकीचं. डोहात बुडाली ती. तिच्या पायातल्या वाळ्यांपासून गळ्यातल्या साखळीपर्यंत सगळं सोनं मी तिच्यापाशी ठेवलं होतं. ते तुमच्या राजाने नेलं."

"मग आता तुम्हीच शाप परत घ्या ना," आवडी म्हणाली.

"शाप मी उच्चारलाच नाही. मी नुसता रडलो होतो. त्यातून तो निघाला. तो परत कसा घ्यायचा हे मला येत नाही."

गोजरेने चोळीत टोचलेली सुई काढली. "दुपटं इकडे द्या. जादूने नाही शिवलं जायचं ते. विरलेल्या कडेला खालून आधार लागतो."

तिने आपल्या लुगड्याचा कोपरा फाडला, दुपट्याखाली लावला आणि टाके घालू लागली. मधेच भिका तिच्या गुडघ्यावर झोपला, मधेच चिमी जागी झाली, मधेच दोरा संपला आणि आवडीने पदराचे धागे सोडवून दिले. नीलजंघ शेजारी बसून पाहत राहिला. कड जुळली ती जुळलीच. म्हाताऱ्याने दुपटे हातात घेतले, नाकाशी धरले आणि गोजरेच्या पुढे ठेवले.

"घेऊन जा. पण एक ऐकून जा. सोनं निजलं की दगडाची माणसं उठतील. ज्याने पेटाऱ्याला पहिला हात लावला तो मात्र वाचणार नाही. त्याच्या अंगातली ऊब आधीच सोन्यात गेली आहे. सोनं जागं आहे तोवर तो जागा आहे. ते निजलं की तोही निजेल. तो हात कुणाचा होता?"

गोजरेने निजलेल्या भिकाला उचलून कडेवर घेतले.

"माझ्या धन्याचा."

जादूगार उठला. त्याने टेकडीचे दार उघडले आणि ती बाहेर गेल्यावर लावून घेतले.

गोजरा परत आली. घरी न जाता ती थेट तळघरात गेली. पायऱ्यांवर दव गोठले होते. खेमा तसाच उभा होता, झाकणावर हात ठेवून. ती नेहमी करी तसे तिने पदराने त्याच्या पापण्यांवरचा बर्फ पुसला. मग सांगितले. जादूगाराने सांगितले होते ते सगळे सांगितले, काही राखून ठेवले नाही.

"मी शिवलं नाही तर तुम्ही असेच राहाल," ती म्हणाली. "रोज येऊन बघता तरी येईल. शिवलं तर..." तिने त्याच्या दगडी मनगटावर हात ठेवला. "मला एकटीला ठरवता येत नाही हो. काहीतरी सांगा."

खेमाच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिले. मग ते वळले आणि तिच्या खांद्यावरच्या चिमीवर जाऊन थांबले. गोजरा वाट पाहत राहिली. ते डोळे चिमीवरून हलले नाहीत.

"बरं," ती शेवटी म्हणाली.

तिसरा थर तिच्या घरचा. घरात लेकरांच्या अंगावरची एकच गोधडी उरली होती. खेमाचे लग्नातले धोतर आणि तिचे हिरवे लुगडे जोडून ती आवडीच्या वेळी शिवलेली होती. तिन्ही मुले तिच्यातच निजत. तीच द्यायची होती. आवडीला कळले तेव्हा तिने गोधडीचे टोक धरून ठेवले.

"मग आम्ही काय पांघरायचं?"

"मला पांघरा," गोजरा म्हणाली. तेव्हा आवडीने स्वतःच ते टोक आईच्या हातात दिले.

मग तिने शिवायला घेतले. खाली घरची गोधडी, तिच्यावर जादूगाराच्या लेकीचे दुपटे, सर्वांत वर राजपुत्राचे अंगडे, बाह्या पसरलेले. मुले तिला तिन्ही बाजूंनी बिलगून बसली. चिमी पोटाशी, भिका पाठीशी, आवडी कुशीत. थंडीने गोजरेची बोटे आखडत, सुई निसटे, ती तोंडात बोट घालून ऊब आणी आणि पुन्हा सुई उचली. टाका वर आला की डोळ्यांपुढे खेमा दिसे. दोरा ओढला की वाटे, आपण त्यालाच ओढून दूर लोटतो आहोत. एकदा तिने सुई खाली ठेवली आणि उसवायला कड हातात घेतली. तेवढ्यात चिमीचा श्वास अडखळला. गोजरेने तिला छातीशी दाबले, तिच्या तोंडावर फुंकर घातली, ती पुन्हा रडेपर्यंत घालत राहिली. मग तिने सुई उचलली आणि त्यानंतर खाली ठेवली नाही.

गोधडी पुरी झाली तेव्हा दिवस वर आला होता. राजा आणि राणी स्वतः तळघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. गोजरेने गोधडी पेटाऱ्यावर घातली. खेमाचा हातही तिच्याखाली झाकला गेला. तिने चारी बाजू खोचल्या, मूल निजवताना खोचतात तशा, आणि ती हलक्या हाताने थोपटू लागली. गाणे म्हटले नाही. नुसतेच थोपटले.

पेटाऱ्याच्या आतून लहान मुलीचा एक दीर्घ सुस्कारा ऐकू आला. मग पेटारा गोधडीसकट जमिनीत उतरू लागला, दगड पाण्यात उतरतो तसा, आणि फरशी त्याच्यावर मिटली. दोर सोडवणाऱ्या गड्याने दोर सोडवला. वाकलेल्याने कंबर सरळ केली. कुणी शिंकला. कुणी विचारले, "जेवायची वेळ झाली काय?"

खेमाचा हात मोकळा झाला. त्याच्या गालांवरचा बर्फ वितळून हनुवटीवरून गळू लागला. तो गोजरेकडे वळला. इतक्या दिवसांनी त्याचा आवाज खरखरीत झाला होता.

"तिला दे."

गोजरेने चिमीला त्याच्या हातांत दिले. जन्मल्यापासून त्याने तिला घेतले नव्हते. त्याने तिचे डोके हाताच्या घडीत नीट ठेवले, तिच्या मुठीत आपले बोट दिले. आवडी आणि भिका त्याच्या दोन्ही पायांना बिलगले.

"कुणावर गेली आहे?" त्याने विचारले.

"तुमच्यावर."

तो हसला. मग त्याचे गुडघे हळूहळू वाकले. गोजरेने आधी चिमीला घेतले, मग त्याला धरले. जमिनीला पाठ टेकली तेव्हा तो गेलेला होता. त्याचे अंग मात्र अजून कोमट होते, आणि गोजरा ते निवेपर्यंत तिथेच बसून राहिली.

डोहावरचा बर्फ फुटल्याचा आवाज राजवाड्यापर्यंत आला. चुलींचे जाळ हाताला भाजू लागले. कित्येकांनी सवयीने हात घातला आणि ओरडून मागे घेतला. त्या दिवशी पाळण्यांत निजलेली मुले उठली. ज्यांची गेली होती त्यांची परत आली नाहीत. खेमाच्या तिरडीला दगडातून उठलेल्या गड्यांनी खांदा दिला आणि पुढच्या दांडीला राजा भद्रकेतू लागला. अनवाणी चालला. त्या दिवसापासून राजाने डोहाकडे गडी पाठवले नाहीत आणि तळघराचे दार चिणून टाकले. राणीने भिंतीकडचे तोंड फिरवले. ती राजाशी पुन्हा बोलू लागली. थोडेच, पण बोलू लागली.

गोजरा घरी आली. दुपार होती. तिने मुलांना ओसरीवर निजवले आणि सवयीने आपला पदर त्यांच्यावर घातला. थोड्याच वेळात भिका घाबरून उठून बसला. त्याचे कपाळ ओले झाले होते, मान ओली झाली होती.

"आई, मला काय होतंय? अंगातून पाणी येतंय."

आवडीला आठवत होते, पण तिलाही नीट सांगता येईना. गोजरेने त्याच्या मानेवरून हात फिरवला.

"काही नाही रे," ती म्हणाली. "उकडतंय."

त्याने तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "उकडतंय, उकडतंय," आणि चिमी त्याच्याकडे बघून हसू लागली. गोजरेने पदर मुलांवरून काढून घेतला, आपल्या तोंडावर ओढला आणि इतके दिवस आवरलेले रडू तिने तिथे बसून रडून घेतले.

त्या राज्यात पुढे दर वर्षी उन्हाळा आला. गोजरेची लेकरे मोठी झाली, तिच्या गोधड्या घरोघर गेल्या. तिच्या वाट्याला आले ते ऐकणाऱ्यांच्या वाट्याला न येवो; आणि ऐकून झाले असेल तर आता ज्याने त्याने आपापल्या लेकरांचे पांघरूण नीट करावे.