पुनव नावाच्या मुली

तळ्याच्या पाळीच्या, म्हणजे या बांधाच्या, टोकाला तो काळा दगड दिसतो ना, त्याला आम्ही हाकेचा दगड म्हणतो. त्याला शेंदूर नाही, फूल नाही. एखादी बाई कमरेत वाकून पाण्याकडे बघत उभी असावी, तसा तो तळ्यावर झुकलेला आहे. पावसाळ्यात तळे तुडुंब भरले तरी पाणी त्याच्या पायथ्याशी येऊन थांबते.

मघाशी तुम्ही विचारलेत, की शिंगाडे तोडणाऱ्या मुलींना त्यांच्या आया पाळीवरून हाका मारतात, तेव्हा मुली नुसते 'ओ' का म्हणत नाहीत. 'ओ, मी कौतिकाची', 'ओ, मी इंदूची', असे आईचे नाव का जोडतात. आणि बाई, तुम्ही तुमच्या लेकीचे नाव सांगितलेत, स्वरा. पोटात होती तेव्हापासून तुम्ही दोघे नाव शोधत होता. हे सापडले तेव्हा वाटले, आता हे आपल्या एकट्यांचे. मग डोस द्यायला दवाखान्यात गेलात, नर्सबाईंनी 'स्वरा' म्हणून हाक मारली, आणि बाकावरच्या आणखी दोन आया उठून उभ्या राहिल्या. तुम्ही हे हसत सांगितलेत खरे, पण सांगताना लेकीचे टोपडे उगाच दोनदा सारखे केलेत. म्हणून म्हटले, बसा थोडे. मी फार शिकलेला नाही. या पाळीवर जसे ऐकले तसे सांगतो.

फार मागची गोष्ट आहे. गाव तेव्हाही तळ्यावरच जगत होते. पुरुष जाळे टाकत, बायका आणि मुली शिंगाडे काढत. या गावात आडकू आणि भिवरा असे नवराबायको राहत. आडकू अबोल माणूस. भिवरेची दोन लेकरे पाळण्यात असतानाच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी तिला सांगितले, या खेपेला लेकराचे नाव उकंडी ठेव, नाहीतर धोंडी ठेव. वाईट नाव ऐकले की मरण नाक मुरडून पुढच्या घरी जाते. तेव्हा तशी रीतच होती.

भिवरेने ऐकले नाही. ती इथे आली, दगड आहे त्याच जागी उभी राहिली, आणि पाण्यातल्या साती आसरा देवींना नवस बोलली. असे सांगतात, की ती म्हणाली, "बायांनो, या वेळी पोर जगवा. मी तिला असे नाव ठेवीन की या गावात कोणाचे नसेल. रोज तिन्हीसांजेला त्या नावाने इथून हाक मारीन. ज्या पोरीला हे नाव असेल ती माझी, एवढे ओळखा. तिला हात लावू नका."

मुलगी झाली ती अवसेच्या दिवशी. गावाने कपाळावर हात मारला. भिवरा मात्र आधीपासून ठरवून बसली होती. जन्म अवसेचा असो की कशाचा, आपल्या घरात उजेड आला तो हिच्या पायाने, म्हणून हिचे नाव पुनव. तोवर गावात काशी होत्या, भागरता होत्या, गेंदा होत्या. पुनव कोणी ऐकली नव्हती.

नाव बारशापर्यंत कोणाला कळू द्यायचे नव्हते. पण एका माणसाला सांगणे भागच होते. बारशाला आत्या नाव ठेवते. तीच बाळाच्या कानात नाव सांगते, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत हसत हसत धपाटे घालतात. पुनवेची आत्या म्हणजे आडकूची धाकटी बहीण, सगुणा. ती गावातच दिली होती. भिवरा आणि सगुणा या नणंद-भावजया खऱ्या, पण एका ताटात जेवायच्या. भिवरेची दोन्ही लेकरे गेली तेव्हा तिच्या उशाशी सगुणाच बसली होती. म्हणून नवस बोलली त्याच दिवशी भिवरेने तिच्याजवळ मन मोकळे केले. नवसही सांगितला, नावही सांगितले. सगुणाने तिच्या गळ्याची शपथ घेतली.

सगुणाही तेव्हा गरोदर होती. तिला भिवरेच्या आधी चार दिवस मुलगी झाली. म्हणून तिच्या घरचे बारसे आधी आले. भिवरा बाळंतिणीच्या खोलीत, तिला जाता येईना. आडकू मामा म्हणून गेला आणि पळसाच्या पानात घुगऱ्या घेऊन परत आला. पान तिच्यापुढे ठेवले आणि तोंड फिरवून जाळे सोडवत बसला.

भिवरेने विचारले, "काय नाव ठेवलं?"

तो म्हणाला, "पुनव."

ती हसली. म्हणाली, "आपल्या पोरीचं नाही विचारत व्हो. सगुणाच्या पोरीचं विचारते."

"तेच सांगतो," आडकू म्हणाला.

भिवरेने घुगऱ्यांना हात लावला नाही. त्या पानातच आंबल्या, असे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सगुणा आपली तान्ही लेक घेऊन दारात आली. आत यायचा तिला धीर होईना. तिथूनच म्हणाली, "वयनी, माझं ऐकून घे. आसरांनी तुझी पोरगी सोडली तर माझी कावून नाही सोडणार? मलाही भेव वाटते व. तुझी लेकरं माझ्याच मांडीवर गेली, ते मी विसरली नाही. नाव का वाटल्यानं सरते? दिव्यानं दिवा लावला तर पहिला विझते का?"

भिवरेने आपल्या लेकीला पदराखाली घेतले. मग म्हणाली, "मागितलं असतं तर मी माझ्या पोरीला धोंडी म्हटलं असतं, अन् हे तुझ्या पोरीला दिलं असतं. तू मागितलं नाहीस."

एवढेच तिचे बोलणे झाले. जी माणसे ही गोष्ट सांगतात ती इथे थोडी थांबतात. मीही थांबतो. सगुणा दुष्ट होती असे आमच्या गावात कोणी म्हणत नाही. तिची भीती खरी होती. पण उशाशी बसणाऱ्या माणसाने उशीखालचे काढून न्यावे, तसे ते झाले.

भिवरेच्या लेकीचे बारसे आले तेव्हा लोक म्हणाले, दुसरे नाव ठेव, नावांना काय तोटा. पण पाण्याला एकदा सांगितलेले नाव तिला फिरवता येईना. सगुणा आत्या म्हणून पाळण्याशी येऊन बसली. रीत म्हणून पाठ वाकवून बसली. भिवरेने मुलीला उचलले आणि स्वतःच तिच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितले. सगुणा वाकलेलीच राहिली. तिच्या पाठीत कोणीच धपाटा घातला नाही. तेव्हापासून आमच्याकडे आत्या बाळाला मांडीवर घेते, पण कानात नाव सांगते ती आई.

त्याच वर्षी गावात गोवर आला. बरीच लेकरे गेली. या दोन्ही पुनवा वाचल्या. मग काय विचारता. नवसाची गोष्ट तोवर सगुणाच्या तोंडून घरोघर गेली होती. नाव गुणाचे आहे, असे बायकांनी धरले. पुढे ज्या घरी मुलगी झाली तिथे पुनव. एका घरात तर दोन जावांच्या दोन पुनवा, एक थोरली आणि एक धाकटी. आपल्याच लेकीचे नाव शेजारच्या अंगणातून, विहिरीवरून, भांडणातून ऐकू यायचे. कोणी पुनवेला शिव्या देत असले तरी भिवरा दचकून बाहेर यायची. स्वतःच्या हाताने शिवलेले झबले गावातल्या प्रत्येक पोरीच्या अंगावर दिसावे आणि आपल्या लेकीचे अंग उघडे वाटावे, तसे तिला होत असावे.

तरी तिने हाक सोडली नाही. रोज तिन्हीसांजेला ती या जागी यायची आणि हाक मारायची, "पुनवेऽऽ!" तळ्यात शिंगाडे तोडणाऱ्या मुली पालथ्या मडक्यांवर पोट टेकून तरंगत असायच्या. हाकेसरशी सगळ्यांची डोकी वर व्हायची आणि सगळ्या तळ्यातून 'ओ' यायचा. मुलींना तो खेळ झाला. गावाला चेष्टा झाली. पुरुष म्हणायचे, भिवरा एक हाक मारते अन् बदकांचा अख्खा थवा काठाला लागतो. बायका म्हणायच्या, नाव का हिने एकटीने घडवून आणले होते? आडकू जाळे खांद्यावर टाकून मान खाली घालून निघून जायचा. भिवरा त्या 'ओ'च्या कल्लोळातून आपल्या लेकीचा आवाज निवडून काढायची आणि तो सापडला की घरी वळायची.

पुनव दहा-अकरा वर्षांची झाली. शिंगाड्याचे दिवस होते. त्या दिवशी वारा होता आणि तळ्यावर लाटा होत्या. बऱ्याच मुली लवकर काठाला आल्या होत्या. भिवरेने हाक मारली. लाटांच्या आवाजात एकच 'ओ' आला. स्वच्छ आला. एकच आला म्हणून तिला बरे वाटले, असे सांगतात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हाकेला एकटीने कोणी ओ दिला होता. ती घरी गेली आणि चुलीवर भात ठेवला.

तो 'ओ' सगुणाच्या पुनवेचा होता. त्या पोरीची काही चूक नव्हती. आपल्या नावाने हाक आली, तिने ओ दिला. भिवरेची लेक तेव्हा पलीकडच्या अंगाला शिंगाड्याच्या वेलींत पाय अडकून बसली होती आणि तिचे मडके वाऱ्याने दूर गेले होते. भात शिजला, निवला. मग भिवरा धावली, गाव धावले. उजाडल्यावर पोर सापडली.

पाण्याने दगा दिला असे भिवरा कधी बोलली नाही. पाण्याला तिने खूण सांगितली होती. ती खूण गावाने पुसली होती.

दुसऱ्या सांजेला ती पुन्हा इथे उभी राहिली आणि तिने हाक मारली, "पुनवेऽऽ!" तळ्यात मुली होत्या. सगळ्यांची नावे तीच होती. एकीनेही ओ दिला नाही. काठावर आयांनी आपापल्या मुलींच्या तोंडावर हात ठेवले होते. असे कितीतरी दिवस चालले. ती हाक मारायची आणि सगळे गाव मुके व्हायचे. आधी जे हसले होते त्यांना घरात घास गिळवेना, कारण ती हाक त्यांच्याच लेकीच्या नावाची होती. जो तो आपल्या पोरीला घट्ट धरून बसायचा आणि भिवरेकडे बघायचे टाळायचा.

एका सांजेला सगुणाची पुनव आईचा हात सोडून पाण्याच्या कडेपर्यंत गेली. तिच्या 'ओ'ने काय झाले ते तिला पोरांनी टोचून टोचून सांगितले होते. भिवरेने हाक मारली. पोरीने ओ दिला, आणि मामीची पुन्हा फसगत होऊ नये म्हणून मोठ्याने पुढे म्हणाली, "ओऽ! मी सगुणाची आहे व, मामी!"

तळ्यावर ते शब्द फिरले. मग दुसरीकडून आले, "ओ, मी बकुळाची." तिसरीकडून आले, "ओ, मी ठमाईची." एकेक पुनव आपापल्या आईचे नाव सांगू लागली. सगळ्यांची नावे सांगून झाली. मी भिवरेची, एवढे मात्र कुठून आले नाही.

भिवरेने शेवटपर्यंत ऐकून घेतले. सगुणा मागे येऊन उभी होती. भिवरा वळली नाही. म्हणाली, "सगुणे, तुझ्या पोरीला कळलं. तुला कळायला पाहिजे होतं." आणि पुन्हा पाण्याकडे वाकून बघत राहिली. ती तिथून हललीच नाही, म्हणे. आडकू न्यायला आला तेव्हा त्याच्या हाताला दगड लागला.

सगुणा पुढे खूप जगली. ती रोज इथे येऊन दिवा लावायची आणि पाळीवरच्या वाऱ्याने तो विझायचा. तिने आडोसा केला, तरी विझायचा. म्हणून या दगडापाशी आम्ही कोणी दिवा लावत नाही. आणि पुनव हे नाव त्यानंतर गावात कोणी ठेवले नाही. मनाई नाही. पण कोणाची जीभ रेटत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या जगात नाव कोण कोणापासून राखणार. खरे आहे. राखता येत नाहीच. आम्ही एवढेच करतो, की बाराव्या दिवशी आई लेकीला घेऊन इथे येते, दगडाला हात लावते आणि नाव मोठ्याने घेते. गावात त्या नावाची दुसरी कोणी असेल तर ती जिथे असेल तिथून ओ देते आणि आपल्या आईचे नाव सांगते. मग त्या दोघींत चोरी राहत नाही.

बाई, तुम्हाला वाटत असेल तर घ्या नाव. लेकीला अशी पाण्याकडे तोंड करून धरा. एवढे हळू नको, वारा आहे. हां, असे.

ऐकलेत? खालून, त्या पलीकडच्या वेलींतून आले ते. "ओऽ, मी वनमालाची!" आमच्या वनमालाची धाकटी आहे, तिचेही नाव स्वराच. मघाशी मी तुम्हाला सांगणार होतो, पण म्हटले, तिनेच सांगावे.

डोळे पुसा, बाई. तुमची लेक अजून बोलत नाही, तेव्हा तिच्या वतीने तुम्हीच वेलींतल्या त्या स्वराला सांगा, ही कोणाची ते. आमच्या पोरी आजही उत्तर येईपर्यंत हात थांबवून पाण्यात वाट बघतात.