विमान कंपनीचा तोटा

नागपूरच्या वसुधा खापर्डे रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करायला दर आठवड्याला विमानाने जात. सोबत खांद्यावरची एक पिशवी, आणि खिडकी मिळो न मिळो, बसल्या की त्यांना झोप लागे. एकदा विमान कंपनीचे बडे अधिकारी सरनोबत त्यांच्या कचेरीत आले. आवडीची सीट, जादा सामान, रांगेत पहिला नंबर देणारी वर्षभराची योजना त्यांनी तिथल्या साहेबांच्या गळी जवळजवळ उतरवलीच. पैसे मात्र फिरतीवरच्या लोकांच्या भत्त्यातून कापले जाणार होते.

"मला याचा काय उपयोग?" वसुधाताईंनी विचारलं.

सरनोबत हसले. "बाई, हा हिशेब तुम्हाला कळायचा नाही. जितका जास्त प्रवास, तितका तुमचा फायदा. आम्ही तर यात चक्क तोटा सोसतो."

"मग राहू द्या," वसुधाताई शांतपणे म्हणाल्या. "मला दर आठवड्याला जावं लागतं. तुमची कंपनी बुडाली तर मी जाऊ कशाने?"

"छे, छे, तोटा कसला? चांगली कमाई होते," सरनोबत घाईघाईने बोलून गेले.

"आमच्या भत्त्यातूनच ना?"

साहेबांनी सहीसाठी उघडलेलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं.