पाहिल्याची तारीख

डॉ. विश्वंभर नाचणकर परीक्षक म्हणून येणार म्हटलं, की पीएच.डी.ची मुलं प्रबंध पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला बसायची. इंटरनेटवर सरांचा भारी राग. जीव होता तो फक्त स्वतःच्या वेबसाइटवर.

केतकी वझरकरच्या तोंडी परीक्षेला त्यांनी प्रबंध टेबलावर आपटला. "अहो वझरकर, वेबसाइटचा संदर्भ आला की पुढे 'पाहिल्याची तारीख' आहेच! प्रबंध लिहिलाय की लग्नपत्रिका? मी पुस्तक वाचलं तर तारीख लिहितो का? सगळ्या तारखा काढा, मगच सही करीन."

म्हणजे दुरुस्त्या, पुन्हा छपाई आणि पदवी पुढच्या वर्षावर.

"काढते सर," केतकी म्हणाली. "फक्त एक राहू द्या. तुमच्या लेखाच्या संदर्भात तुमचा परिचय दिलाय, तुमच्याच वेबसाइटवरून. 'जिल्ह्यातले ज्येष्ठ अभ्यासक.'"

सर ताडकन उठले. "जिल्ह्यातले? नीट बघा, तिथे 'जगविख्यात' लिहिलंय!"

"आज सकाळीच पाहिलं सर. पण मी जूनमध्ये पाहिलं तेव्हा तुम्ही जिल्ह्यातलेच होतात. छापलेलं पुस्तक असं रातोरात बदलत नाही. आता तारीख काढली, तर लोक म्हणतील, या पोरीने सरांना जगातून उचलून जिल्ह्यात आणून ठेवलं."

शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांनी हसू लपवायला चहाचा कप तोंडापुढे धरला.

सरांनी पेन उघडलं आणि सही केली. सहीखाली, अगदी ठसठशीत अक्षरात, तारीखही घातली.