काठ म्हणजे कुठे?

एका मोठ्या तळ्याच्या दोन अंगांना दोन वस्त्या होत्या, एक कोळ्यांची आणि एक कुंभारांची. तळ्यातले मासे कोळ्यांचे, भोवतालची माती कुंभारांची, आणि कुंभारांनी काठाच्या आत खणू नये, असा त्यांच्यात जुना करार होता. दोन्ही वस्त्यांनी तो देवासमोर शपथ घेऊन केला होता.

एका पावसाळ्यात कोळ्यांचा तरुण लहानू जाळे ओढत छातीभर पाण्यातून चालला असता पाण्याखालच्या खड्ड्यात गेला. जाळे अंगाभोवती गुरफटले आणि तो बुडाला. खड्डा मातीसाठी खणलेला होता. त्याचा थोरला भाऊ धर्माजी कुंभारांना शपथमोडे म्हणू लागला. कुंभारांचा म्होरक्या गणोजी म्हणे, "आम्ही काठाच्या आत कुदळ घातलेली नाही." बोलणे काठ्या-कुऱ्हाडींपर्यंत गेले, तेव्हा जाणत्या माणसांनी उन्हाळ्यात दोघांना शेजारगावच्या वृद्ध शास्त्रीबुवांकडे नेले.

शास्त्रीबुवांनी दोघांचे ऐकून घेतले आणि आपला शिष्य विश्वंभर याला नवा करार लिहायला सांगितले. विश्वंभर भाषेत निपुण होता. त्याने लिहिले, 'काठाच्या आत कोणीही कदापि खनन करू नये. करील तो उभय वस्त्यांचा अपराधी.' वाचून दाखवल्यावर धर्माजीने मान डोलावली, गणोजीनेही डोलावली.

शास्त्रीबुवांनी मात्र तो कागद शांतपणे फाडला.

"गुरुजी, दोघांनाही मान्य होता," विश्वंभर म्हणाला.

"म्हणूनच फाडला. चला, तळ्यावर जाऊ."

उन्हाने तळे आटून मध्यभागी गोळा झाले होते. शास्त्रीबुवांनी दोघांच्या हाती एकेक बांबू दिला. "एकमेकांकडे पाहू नका. काठ जिथे असेल तिथे हा रोवा."

गणोजी भेगाळलेल्या चिखलावरून खाली उतरत गेला आणि पाण्याला लागून त्याने बांबू रोवला. धर्माजी उलट वर चढला. पावसाळ्यात होड्या जिथे बांधत, त्या बाभळींपाशी त्याने आपला बांबू रोवला. मग दोघांनी वळून पाहिले. दोन बांबूंच्या मध्ये कोरडी जमीन पसरली होती आणि तिच्यावर मातीचे खड्डे होते. लहानू गेला तो खड्डाही त्यांतच होता.

"आमच्यात यालाच काठ म्हणतात," गणोजी कसाबसा म्हणाला. "माती खणतो तेव्हा पाणी इथेच असतं."

धर्माजी खाली बसला.

शास्त्रीबुवा विश्वंभराकडे वळले. "दोघांनीही शपथ पाळली, तरी माणूस गेला. अवघड शब्द आला की माणूस थांबतो, अर्थ विचारतो. ओळखीच्या शब्दापाशी कोणी थांबत नाही. प्रत्येक जण त्यात आपला अर्थ घालतो आणि समोरच्याच्याही मनात तोच आहे असं धरून चालतो. तू खनन लिहिलंस, उभय लिहिलंस. काठ म्हणजे काय, ते लिहिलं नाहीस."

मग गणोजी आपला बांबू उपटून वर घेऊन आला आणि त्याने तो धर्माजीच्या बांबूशेजारी रोवला. "आजपासून काठ हा. खड्डे आम्ही बुजवतो."

"मग तुमच्या चाकावर काय चढवाल?" धर्माजीने विचारले. "तळ्याच्या उत्तरेच्या खळग्यात आम्ही जाळी टाकत नाही. तिथून माती घ्या."

विश्वंभर बाभळीखाली नवा कागद घेऊन बसला. 'या करारात काठ म्हणजे पावसाळ्यात पाणी जिथवर चढते ती रेषा,' एवढे लिहून तो थांबला. त्याने मान वर केली.

"धर्माजी, गणोजी," तो म्हणाला, "तुम्ही पावसाळा कधीपासून कधीपर्यंत धरता?"

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. या वेळी उत्तर द्यायची घाई कोणी केली नाही.