सोमेळ की आरुख?

एका गावच्या धर्मशाळेत एकदा एक वृद्ध कथेकरी मुक्कामाला उतरला आणि तिथलाच होऊन राहिला. रोज तिसऱ्या प्रहरी तो एका बेटाची कथा सांगे. बेट कल्पनेतले, माणसे कल्पनेतली, आणि त्या माणसांची भाषाही त्यानेच रचलेली. त्या भाषेत प्रेमाला एकच शब्द नव्हता, नात्यागणिक वेगळा होता. ज्याच्या शेजारी नुसते बसले तरी जिवाला शांत वाटते, तो ‘सोमेळ’. जो न सांगता आपली वाट पाहतो, तो ‘आरुख’.

बारा वर्षांत श्रोत्यांना हे शब्द तोंडपाठ झाले आणि कोणत्या जोडीला कोणता शब्द लावायचा, यावरून रोज वाद होऊ लागले. सर्वांत मोठा वाद कोवण आणि इलातीचा. कोवण दीपस्तंभाचा राखणदार, इलाती नावाडीण. ती दुरून शंख फुंकी, तो दिवा उंच करी. दोघे कधी भेटलेच नव्हते.

“सोमेळ!” कापडाचा व्यापारी मांडीवर थाप मारून म्हणे.

“मध्ये अख्खा समुद्र आहे, शेटजी. शेजारी बसले कधी?” फुलवाली मावशी म्हणे. “आरुखच ते.”

“मनाने शेजारी बसता येत नाही होय?”

“मग तुम्ही दुकानात बसून मनानेच जेवत जा की!”

होता होता दोन पक्ष झाले, दोन सतरंज्या झाल्या. शेवटी व्यापाऱ्याने बजावले, “पौर्णिमेपर्यंत निकाल लागला नाही, तर आमची कथा आमच्या वखारीत होईल.”

नेमका त्याच सुमारास वृद्धाचा आवाज बसला. त्याने आपल्या शिष्येला सांगितले, “उद्यापासून तू सांग.” शिष्या लहान मुलीची आई होती. शिकलेली होती, पण चूल विझवली की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून दोनदा परत जाणारी. तिला रात्रभर एकच घोर लागला, की बारा वर्षांची बैठक आपल्याच हातून मोडणार.

तिने कथा सांगितली. एके दिवशी शंख वाजला नाही, तेव्हा कोवणने भर वादळात होडी लोटली. मात्र तिने दोन्ही शब्द टाळले. “ते एकमेकांचे जिवलग होते,” एवढेच म्हणाली. कुणी भांडले नाही. “छान झाली हो,” म्हणून सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी निम्मेच आले. तिसऱ्या दिवशी व्यापारी बसल्या बसल्या पेंगला आणि मावशी मुकाट्याने हार गुंफत राहिली.

भांडण थांबले म्हणून शिष्येला हायसे वाटले. एवढ्यात वृद्धाने उठून दोन्ही सतरंज्या गुंडाळल्या आणि म्हटले, “उद्यापासून कथा बंद.”

“पण गुरुजी, भांडण तर मिटवलं मी!”

“म्हणूनच. मुली, त्या बेटावर या लोकांचं शेत नाही की सोयरीक नाही. तरी शेटजी गिऱ्हाईक ताटकळत ठेवून येत. कशासाठी? कोवणच्या मायेला कुणी उणा शब्द लावू नये म्हणून. परक्याच्या मायेसाठी नेमका शब्द शोधत होती ही माणसं. तू सगळ्यांना चालेल असा शब्द दिलास. तो कुणालाच लागला नाही.”

“मग खरा शब्द कोणता?”

“तुला काय वाटतं?”

“मला भीती वाटते. चुकेन.”

“मग चूक की!” वृद्ध म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने घरोघरी जाऊन माणसे बोलावली, सतरंज्या पुन्हा अंथरल्या आणि तोच अध्याय पुन्हा सांगितला. होडी लाटेवर चढली, तिथवर ती आली. “कोवण तिचा सोमेळ नव्हता,” ती म्हणाली. “आरुखही नव्हता. तो तिचा लुवेण होता.”

“लुवेण?” व्यापारी ताडकन उठला. “गुरुजींच्या बारा वर्षांत असा शब्द आलेला नाही!”

“नाही आला. माझा आहे.” तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. “आपल्या वाट्याची भीती जो स्वतःच्या उरात वाहतो, तो लुवेण. माझी पोर विहिरीकडे खुशाल धावत सुटते. तिच्या वाट्याचं मी भिते. इलाती इतकी वर्षं बिनघोर नाव हाकत होती, ती कुणाच्या जिवावर?”

मग जो गलका उठला, तसा त्या धर्मशाळेने कधी ऐकला नव्हता. व्यापारी आणि मावशी एकाच सतरंजीवर खांद्याला खांदा लावून तिच्यावर तुटून पडले.

“शेटजी, तुम्ही शंखाचं विचारा, मी दिव्याचं विचारते!”

ती एकेकाला उत्तर देत राहिली. रस्त्यावरची माणसे आत येऊन उभी राहिली, पायरीवर जागा उरली नाही.

वृद्ध आपल्या आसनावरून उठला, गर्दीत मांडी घालून बसला आणि त्याने हात वर केला.

“मला अजून आरुखच वाटतं,” तो बसक्या आवाजात म्हणाला. “पण बाई, लुवेणचा अर्थ पुन्हा एकदा सांगा. मागे नीट ऐकू आलं नाही.”

आपले म्हणणे भीत भीत का होईना, मांडावे. त्यावर भांडायला जे धावून येतात, ते दूरचे नसतात.