गेनू पुढे सरकतो

एका गावात एक भोळा गेनू होता. गाव त्याला भोळाच म्हणायचं, कारण गावाला चांगलं बोलायची सवय होती. गेनूचं लग्न नोकरीवाचून अडलं होतं. शेवटी दाजींनी त्याला शहरात आपल्या घरी आणलं आणि एका चपलांच्या दुकानात शब्द टाकला. दुकानाचे शेटजी म्हणाले, "बुधवारपर्यंत वाट बघतो. सकाळी दहाच्या आत आला तर नोकरी, नाहीतर दुसरा माणूस."

सोमवारी निघताना त्याची थोरली बहीण अक्का म्हणाली, "गेन्या, बसला गर्दी असते. खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. मग ती जागा आपली, तिथं कुणी बसत नाही."

बस आली. गेनूने रुमाल टाकला. जागा तर आपली झाली, मग घाई कसली? तो थांब्यावर शेंगा खात बसला. बस रुमाल घेऊन गेली.

अक्काने कपाळाला हात लावला. "अरे, रुमालामागून आपणही चढायचं असतं. उद्या चढ, बस, आणि कुणी काही म्हणालं तरी जागेवरून हलू नको."

मंगळवारी गेनू चढला, बसला आणि हलला नाही. दुकानाचा थांबा आला आणि गेला. बस डेपोत शिरली.

"उतरा, बस धुवायचीय," कंडक्टर म्हणाला.

"अक्का नको म्हणालीय," गेनू म्हणाला.

त्यांनी बस धुतली. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे गेनूही स्वच्छ निघाला.

संध्याकाळी दाजी वैतागले. "बसमध्ये अक्काचं काय चालतं? तिथं कंडक्टर मालक. तो म्हणेल तसं करायचं. आणि उद्या बुधवार आहे, बाबा."

बुधवारी गेनू मागच्या दाराने चढला. कंडक्टर म्हणाला, "पुढे सरका, दारात उभं राहू नका." गेनू सरकला. सरकत सरकत ड्रायव्हरपाशी पोचला. कंडक्टर अजून पुढेच म्हणत होता. चौकात बस थांबली तसा गेनू पुढच्या दाराने उतरला आणि बसच्याही पुढे चालू लागला. रस्ता असा तुंबला होता की बस तिथंच राहिली आणि गेनू पावणेदहाला दुकानात हजर झाला.

शेटजी खूश झाले. "वेळेचा पक्का आहेस. लग्नसराई आहे, गिऱ्हाईक फार. दारात गर्दी होऊ देऊ नको, एवढंच काम."

"ते येतं मला," गेनू म्हणाला.

बाराच्या सुमाराला दुकान बायकांनी भरलं. गेनू दारात उभा राहून म्हणू लागला, "पुढे सरका, पुढे सरका, दारात उभं राहू नका." बायका शहरातल्या, अर्धा जन्म बसमध्ये गेलेला. हे शब्द कानावर पडले की त्यांचे पाय विचारत बसत नाहीत. कुणाच्या पायात नवी चप्पल, कुणाच्या एका पायात नवी आणि एका पायात जुनी, अशा सगळ्याजणी सरकत सरकत मागच्या दाराने रस्त्यावर गेल्या. त्यांच्यामागे शेटजी अनवाणी धावले.

दुकान रिकामं झालं. गेनूने शटर ओढलं, कुलूप लावलं आणि घरी आला.

"नोकरीचं काय झालं रे?" अक्काने भीतभीत विचारलं.

"पक्की," गेनू म्हणाला आणि दुकानाची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "सगळे उतरले. शेटजीसुद्धा उतरले. मी तेवढा राहिलो."